झाकली मूठ

माझा धाकटा भाऊ देशाचा राष्ट्राध्यक्ष आहे. हे ऐकल्यावर लोक जरा सावरून बसतात, त्याची काही गरज नाही. पक्षात त्याला सगळे होयबा म्हणायचे आणि त्या एकाच गुणावर तो त्या खुर्चीत जाऊन बसला. दोन तगडे उमेदवार एकमेकांच्या उरावर बसले होते, तेव्हा ज्याच्यापासून कोणालाच धोका नाही असा तिसरा हवा होता. धाकट्यापासून कधीच कोणाला धोका नव्हता. लहानपणी मुलं त्याला बदडून पळून जायची आणि हा घरी येऊन मला सांगायचा की त्यांचं काही चुकलं नाही, ती घाईत होती.

आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याला मी वाढवलं, म्हणून त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क माझा आहे. मी विधवा, तो विधुर, आणि राहायला ते अवाढव्य सरकारी निवासस्थान. एका टोकाच्या स्वयंपाकघरात केलेला चहा आमच्या खोल्यांपर्यंत पोचेतो गार व्हायचा.

धाकटा तिन्ही सैन्यदलांचा सरसेनापती आहे. न्हाणीघरात पाल निघाली की मला हाक मारतो. संसदेचं अधिवेशन त्याच्या भाषणानं सुरू होतं. त्या भाषणात दर दोन ओळींनी 'माझं सरकार' असं येतं आणि ते सरकार काय करणार आहे हे त्याला वाचता वाचताच कळतं. न्यायाधीश तो नेमतो, म्हणजे नावं टाइप होऊन येतात. त्याच्या सहीवाचून कुठलाही कायदा होत नाही, आणि त्यानं सही केली नाही असं कधी झालेलं नाही. लोकशाहीत असा एक माणूस लागतोच, ज्याच्या नावानं सगळं चालतं आणि ज्याला विचारून काहीच चालत नाही. ती जागा माझ्या भावासाठीच केल्यासारखी होती. मापाचा सदरा म्हणतात तशी.

त्याचे सचिव म्हणजे एक वाळकुडे, हळू बोलणारे गृहस्थ. याच्याआधी चार राष्ट्राध्यक्ष त्यांनी सांभाळले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी धाकट्याला समोर बसवून राज्यघटना समजावली. मी तिथेच खुर्चीत विणत बसले होते. ते म्हणाले, मंत्रिमंडळ जे सांगेल त्यावर आपण सही करायची. पटलं नाही तर एकदा, फक्त एकदाच, फेरविचारासाठी परत पाठवता येतं. त्यांनी पुन्हा तेच पाठवलं तर मात्र पंधरवड्याच्या आत सही करावीच लागते.

"म्हणजे दोनच अधिकार," धाकटा हिरमुसून म्हणाला.

"तिसरा लिहिलेला नाही," सचिव म्हणाले. "पहिली सही किती दिवसांत करायची, ते घटनेत कुठेच नाही."

दयेच्या अर्जांचं सगळं याच्यावर चालायचं. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचा अर्ज यायचा, सोबत मंत्रिमंडळाचा सल्ला यायचा: फेटाळावा. सल्ला नेहमी तोच, कारण खुन्याला वाचवून आजवर कुठल्या मंत्र्याला मतं मिळालेली नाहीत. राष्ट्राध्यक्ष तो अर्ज एका कपाटात ठेवून द्यायचे. त्या घरात याला 'मुरत ठेवणं' म्हणायचे. सही नाही, नकार नाही, परत पाठवणं नाही. पाच वर्षांनी नवा माणूस आला की अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, पुन्हा मुरायचे. तोवर तिकडे तुरुंगात माणूस जगत असायचा. एक जण तर म्हातारा होऊन सर्दीखोकल्यानं गेला, असं सचिव मोठ्या कौतुकानं सांगायचे. "आमच्या कपाटात ठेवलेला माणूस फासावर गेलेला नाही, ताईसाहेब. झाकली मूठ सव्वा लाखाची." मला तो माणूस आवडायचा.

कंडक्टरबाईंची ओळख मला फाटकाजवळच्या चौकशीच्या खिडकीमुळे झाली. सकाळी मी बागेतून चालून यायची तेव्हा तिथे रांग असायची. कोणाला पेन्शन हवी, कोणाला बदली, कोणाला न्याय. खिडकीतला कारकून प्रत्येकाला तेच सांगायचा, तुमच्या प्रकरणात अजून काही झालेलं नाही, आणि माणसं तोंड पाडून परतायची. एक बाई मात्र तेच उत्तर ऐकून खूश होऊन जायची. दर आठवड्याला, तिच्या सुट्टीच्या दिवशी, सुट्टी असूनही गणवेश घालून. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, गणवेश असला की पहारेकरी हाकलत नाहीत, आणि काही झालं नाही हेच ऐकायला मी येते.

तिचा भाऊ आमच्या कपाटात होता. गोदामात रखवालदार होता तो. मालकानं एके दिवशी चारचौघांत थोबाडीत मारून हाकलला, म्हणून त्यानं रागाच्या भरात गोदामाला आग लावली. आत तीन हमाल झोपले होते. आत कोणी असतं हे त्याला माहीत होतं की नव्हतं यावर कोर्टात पुष्कळ खल झाला आणि शेवटी फाशी लागली. कंडक्टरबाई कधी म्हणाली नाही की त्यानं केलं नाही. "केलंय त्यानं," ती म्हणायची. "त्या तिघांच्या घरी मी जाऊन आलेय. एकीनं मला पाणी दिलं, दोघांनी दार लावलं. बरोबरच आहे त्यांचं. पण तो माझा आहे ना, ताई. आई गेल्यावर मी वाढवलाय त्याला."

मग मला तिच्याशी बोलायला आणखी कारण लागलं नाही. आम्ही दोघी फाटकाशेजारच्या बाकावर चहा प्यायचो आणि आपापल्या भावांना शिव्या घालायचो. तिचं म्हणणं, माझ्या भावापुढे तिचा भाऊ बरा, निदान त्याला राग तरी येतो. ती हे हसत म्हणाली होती आणि मीही हसले होते.

धाकट्याच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष लागलं आणि एका पेपरात त्याचं व्यंगचित्र आलं. रबरी शिक्का, वर मूठ म्हणून याचं डोकं, आणि खाली ओळ: 'पाच वर्षांत शाई संपली नाही.' तसली चित्रं आधीही येत. तेव्हा तो हसून मला दाखवायचा. पण शेवटच्या वर्षी माणसाला इतिहास चावतो. ते चित्र त्यानं टेबलाच्या काचेखाली ठेवलं. एकदा मला विचारलं, "ताई, मी काय केलं गं पाच वर्षांत?" मी म्हटलं, "कोणाचं वाईट केलं नाहीस. अवघड असतं ते." त्याला ते पुरलं नाही.

त्याचा एक माहिती अधिकारी होता, गुळगुळीत दाढी केलेला. साहेबांचं नाव व्हावं असं काहीतरी शोधायला त्याला सांगितलं होतं. त्यानं कपाट शोधलं, कपाटातून गोदाम, गोदामातून कंडक्टरबाई. दर आठवड्याला फाटकाशी येणारी बहीण. त्याला ते फारच पसंत पडलं.

तिला वर बोलावलं. धाकट्यानं मलाही बसवून घेतलं, कारण त्याला प्रेक्षक हवा होता. त्यानं गालिच्यावर दोन पावलं पुढे येऊन तिचं स्वागत केलं आणि अधिवेशनातल्या आवाजात विचारलं, तुमच्या भावासाठी मी काय करू शकतो?

"काही करू नका, साहेब," ती म्हणाली.

त्याला वाटलं, बाई बुजली. तो म्हणाला, घाबरू नका, मोकळेपणानं मागा.

"मोकळेपणानंच मागतेय. अर्ज आहे तिथेच राहू द्या. वकिलांनी सांगितलंय मला, हलला की संपलं. तुम्ही त्याला हात लावू नका, तेवढे उपकार पुष्कळ झाले."

धाकट्याचं तोंड मी त्याच्या जन्मापासून बघतेय. कोणी थोबाडीत मारल्यावर ते जसं व्हायचं तसं झालं. जन्मभर त्याला सगळ्यांनी हेच तर सांगितलं होतं, तू मध्ये पडू नकोस. बापानं, पक्षानं, बायकोनं, पंतप्रधानांनी. आता देशाच्या सर्वोच्च पदावर बसल्यावर बसची कंडक्टरही तेच सांगत होती, आणि वर उपकार म्हणत होती. ती गेल्यावर तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, मी अर्ज परत पाठवणार. फेरविचारासाठी. कोणत्याच राष्ट्राध्यक्षानं हे केलेलं नाही.

सचिवांना घाम फुटलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. परत पाठवलं की ते परत येणार, आलं की पंधरवडा, आणि मग सही. आत्ता आपल्या हातात आहे ते सगळं एका कागदात जाईल, साहेब. धाकटा म्हणाला, गृहमंत्री आपलाच आहे. एके काळी माझी बॅग धरून चालायचा. माझा शब्द खाली पडू देणार नाही. मी म्हटलं, अरे, ज्यानं बॅग धरलेली असते त्याला पहिल्यांदा तेच विसरायचं असतं. तो म्हणाला, तुला राजकारण कळत नाही.

टिपण त्यानं स्वतः लिहिलं, चार वेळा खोडून. करुणा ही राज्याची दुर्बलता नसून शोभा आहे, असं बरंच काही. मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कसं वाटलं म्हणून विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं. "फाडून टाक."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्या पेपरांत होतं. ज्या पेपरानं शिक्का काढला होता त्यानं अग्रलेख लिहिला, रबराला कणा फुटला असा. फुलं आली, तारा आल्या, शाळेतल्या पोरांची पत्रं आली. धाकटा त्या आठवड्यात दोन इंच उंच झाला. जेवायला दोनदा वाढून घ्यायचा.

माहिती अधिकाऱ्यानं कंडक्टरबाईला फोटोसाठी आणलं. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती आली. न येऊन करते काय? तो तिला सांगत होता, पडद्याच्या या बाजूला उभ्या राहा, साहेबांचा हात दोन्ही हातांत धरा, त्यांच्याकडे बघा, थोडं रडलात तरी चालेल. ती माझ्याजवळून जाताना थांबली आणि अगदी हलक्या आवाजात तिनं विचारलं, "ताई, मी नीट आभार मानले तर मंत्र्यांना पेपरात बघून लाज वाटेल का?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "मान नीट."

तिनं मानले. ती हसली, रडली, पुन्हा एकदा म्हटल्यावर पुन्हा रडली. फोटो फार सुंदर आला. दयाळू माणूस असाच दिसतो, असं कोणीही म्हणावं. तिच्या भावानं तो तुरुंगातल्या पेपरात पाहिला आणि कोठडीच्या भिंतीला चिकटवला.

मंत्रिमंडळाला आठवडाही लागला नाही. निवडणूक तोंडावर होती आणि गृहमंत्री जळून मेलेल्या त्या तीन हमालांच्या बायकांना शेजारी बसवून सभा घेत होते. कागद सचिवांनी स्वतः आणून टेबलावर ठेवला. फेरविचार केला, मत कायम. चार शब्द. धाकट्यानं गृहमंत्र्याला फोन लावला. साहेब सभेत आहेत. दुपारी लावला. साहेब दौऱ्यावर आहेत. संध्याकाळी लावला तेव्हा कोणीतरी पोरगेलं फिदीफिदी हसत म्हणालं, कोण बोलतंय म्हणून सांगू?

तेव्हापासून घरात पंधरवड्याचे दिवस मोजणं सुरू झालं. मला वाटलं होतं, सगळं संपलं. पण सचिव माझ्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि उभ्यानंच म्हणाले, ताईसाहेब, एक वाट आहे. साहेबांनी राजीनामा दिला तर सही करायला कोणी राहत नाही. नवे राष्ट्राध्यक्ष येतील, अर्ज पहिल्यापासून सुरू होईल, कपाटात जाईल. राजीनाम्याला कोणाचा सल्ला लागत नाही, तेवढी एक गोष्ट त्यांची स्वतःची आहे. पण हे मी त्यांना सांगू शकत नाही, माझ्या पदाला शोभणार नाही.

माझ्या पदाला वाटेल ते शोभतं. मी तशीच गेले. त्याला सगळं सांगितलं. सात महिने उरलेत, म्हटलं, सात महिन्यांनी नाहीतरी बाहेर पडायचंच आहे. जन्मात एकदा नाही म्हण. आणि हे तर सगळ्यात सोपं 'नाही' आहे, कोणाच्या तोंडावर म्हणायचंसुद्धा नाही, कागदावर लिहायचं आणि माझ्याबरोबर घरी यायचं.

त्यानं विचार केला नाही असं मी म्हणणार नाही. चारपाच दिवस तो खरोखर तळमळत होता. एकदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मला वाटलं, जमलं. मी मनात सामान बांधायलाही लागले. मग एका सकाळी तो दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून आला. त्याला रात्री नीट झोप लागली होती, मला ते चेहऱ्यावरूनच कळलं.

"ताई, मुदत पुरी केलेल्यांचीच तैलचित्रं दरबार हॉलमध्ये लावतात," तो म्हणाला. "मधेच गेलेल्याचं लावत नाहीत. माझ्या आधीच्या सगळ्यांची आहेत. माझ्या जागी मोकळी भिंत राहील. लोक म्हणतील, भांडला आणि पळाला."

"माणूस मरेल, अरे."

"मी परत पाठवलं होतं ना? माझ्याकडून जेवढं होतं तेवढं केलं मी. आता घटना मला बांधते."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. आईनं ऐकलं असतं तर तिनं मला मारलं असतं, किंवा त्याला. तो शांतपणे ऐकत राहिला, त्या पोरांचा मार खायचा तसा. मग त्यानं सही केली. सचिवांनी टिपकागद दाबला, कागद उचलला आणि त्याच आठवड्यात निवृत्तीचा अर्ज दिला. त्यावरही धाकट्यानंच सही केली.

फाशी झाली ती बातमी आतल्या पानावर आली. पहिल्या पानावर निवडणूक होती. कंडक्टरबाईच्या सुट्टीच्या दिवशी मी बाकावर जाऊन बसले. ती येणार नाही असं वाटत होतं. ती आली, गणवेशात. खिडकीकडे गेली नाही, सरळ माझ्याकडे आली आणि शेजारी बसली. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो काढून घेतला, रागानं नाही, नुसता.

आदल्या दिवशी तिला अर्धा तास भेट मिळाली होती. तो घाबरलेला नव्हता, म्हणाली. म्हणजे होता, पण तिला दाखवत नव्हता. फोटो भिंतीवरच होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की शेवटची सही कोणाची आहे. त्याची समजूत अशी की मंत्र्यांनी मारलं आणि अध्यक्ष त्याच्या बाजूनं भांडले. मी नाही सांगितलं, ती म्हणाली. अर्ध्या तासात ते काय सांगत बसू?

"तो म्हणाला, अध्यक्षसाहेबांना माझे आभार सांग. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासारख्यासाठी शब्द टाकला म्हणाला. माझ्याकडून कबूल करून घेतलं." ती समोर रांगेकडे बघत होती. "दुसऱ्याचं मी माझ्याकडे ठेवून घेत नाही, ताई. तुम्ही सांगा त्यांना. मला त्यांचं तोंड बघायचं नाही."

ती उठली आणि चालायला लागली. तिची ड्यूटी होती, सुट्टी तिनं भेटीच्या दिवशीच घेऊन टाकली होती. मी तिला हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते?

मी वर गेले. धाकटा अभ्यासिकेत होता, माहिती अधिकारी त्याच्यापुढे काहीतरी वाचून दाखवत होता. मी त्या अधिकाऱ्याला बाहेर जायलाही सांगितलं नाही. मला वाटलं, हे ऐकून हा मरेल, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. मी तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. फोटो, भिंत, अर्धा तास, आभार. एकही शब्द मऊ केला नाही.

त्याचे डोळे भरून आले. त्यानं चष्मा काढला, पुसला. मी वाट बघत होते.

"बघ," तो म्हणाला, "त्याला तरी कळलं."

मग त्यानं चष्मा लावला, माहिती अधिकाऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून विचारलं, ती बाई हे पेपरवाल्यांसमोर सांगेल का.